गाव, जिल्हा परिषद आणि आरोग्याचे संशोधन



वसंत व्याख्यानमाला म्हटली की इतिहास, संतवाङ्मय किंवा एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र ऐकावयास मिळेल, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. त्या मानाने मी घेतलेला विषय रुक्ष आहे. ‘आरोग्याचे संशोधन आणि जिल्हा परिषद’ असे म्हटल्याबरोबर डोळ्यांपुढे कचेरी, टपाल आणि लाल फितीची बासने उभी राहतात. तरीही हाच विषय घेऊन मी कुरुंद्यास आलो, कारण तो वस्तुतः कचेरीचा नाही. तो आपल्या घरातल्या बाळंतिणीचा, आपल्या आडाच्या पाण्याचा आणि आपल्या हळदीच्या पोत्याचा विषय आहे. तासभर धीर धरून ऐकावे एवढीच विनंती.

विषयाला निमित्तही ताजे आहे. २०२४ साली हिंगोलीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याआधी वर्षभर परभणीचे सुरू झाले होते. नांदेडचे तर जुनेच आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे डॉक्टर घडविण्याची शाळा, एवढेच आपण समजतो. परंतु तेथे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राचा एक विभाग असतो आणि त्याची खरी प्रयोगशाळा म्हणजे आसपासची खेडी. विद्यार्थ्यांनी खेड्यातली काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा मागोवा ठेवावा, असा अलीकडचा नियम आहे. तेव्हा आज ना उद्या कोणी तरी छापील प्रश्नांची यादी आणि रक्त काढण्याची सुई घेऊन आपल्या ओसरीवर येणार, हे धरून चालावे. तो आल्यावर आपण त्याला काय विचारणार? कोणी पाठविले, कशासाठी पाठविले, आणि उत्तर मिळाल्यावर ते आम्हांला सांगायला परत येणार काय? या तीन प्रश्नांभोवतीच माझे आजचे व्याख्यान फिरणार आहे.

प्रथम संशोधन म्हणजे काय ते पाहू. आपल्या उपकेंद्रातील परिचारिका जन्म, मृत्यू, लसटोचणी, ताप यांची नोंद ठेवते. ही माहिती झाली. त्या माहितीला ‘असे का?’ हा प्रश्न कोणी विचारला की संशोधनाला आरंभ होतो. त्यासाठी फार मोठी इमारत लागतेच असे नाही. आपल्या मराठवाड्यातल्या, जालना जिल्ह्यातील देहेड गावच्या एका मुलाचे उदाहरण घ्या. डॉ. हिंमतराव बावस्कर हे डॉक्टर होऊन १९७६ च्या सुमारास कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. तेथे लाल विंचवाच्या दंशाने माणसे मरत. शंभरांतली तीसचाळीस दगावत आणि पुस्तकांत त्यावर खात्रीचा उपाय नव्हता. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र बसून नाडी, घाम, रक्तदाब यांची टिपणे ठेवली. १९८२ साली त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आली. पुढे प्रॅझोसिन हे रक्तदाबाचे औषध वेळेवर दिले तर हृदय वाचते, हे त्यांनी दाखविले आणि मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास उतरले. ग्रामीण आरोग्य केंद्र हे ज्ञान उत्पन्न होण्याचे ठिकाण असू शकते, याचा यापेक्षा चांगला दाखला मला ठाऊक नाही.

पण प्रत्येक प्रश्न एका माणसाच्या जिद्दीने सुटत नाही. काही प्रश्नांना हजारो माणसे, अनेक वर्षे आणि महागडी यंत्रे लागतात. मग गाव, जिल्हा परिषद, रुग्णालय आणि विद्यापीठ यांची भागीदारी करावी लागते. आणि भागीदारी आली की हिशेब आला. शेतीतली भागी असो वा आडत दुकानातली, कोणाचे किती आणि कोणाला किती हे आधी ठरले नाही तर शेवट भांडणात होतो, हे आपणांस मी सांगायला नको.

अशी एक मोठी भागीदारी मराठवाड्यातच झाली. ज्या जिल्ह्यास आपण आज धाराशिव म्हणतो, त्या उस्मानाबाद जिल्ह्यात या शतकाच्या आरंभी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी एक प्रयोग झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो चालविला. बार्शीच्या रुग्णालयाने १९८७ पासूनच ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदवही ठेवली होती. ती परंपरा पाठीशी होती. जिल्ह्यातील गावांचे ५२ समूह करून त्यांचे चार गट पाडले. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यांत आल्या. तीन गटांना तीन वेगवेगळ्या तपासण्या देऊ केल्या. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांना माहिती दिली, पण तपासणी केली नाही. आठ वर्षे सर्वांची वार्ता ठेवली. ज्या गटात विषाणूची, म्हणजे एच.पी.व्ही.ची, एकच वेळ तपासणी झाली, त्यात या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या. चौथ्या गटात ६४ दगावल्या. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने जगाला कळले. आज जगभर या तपासणीची शिफारस होते, तिच्या पायाशी मराठवाड्यातील बायकांनी दिलेले हे उत्तर आहे. आपण अभिमान बाळगावा अशीच ही गोष्ट आहे.

परंतु अभिमानाबरोबर एक प्रश्नही मनात ठेवला पाहिजे. त्या ६४ स्त्रियांचे काय? या प्रयोगावर पुढे टीका झाली. तपासणीचा उपयोग होतो हे ठाऊक असता काही स्त्रियांना ती न देता ठेवणे न्याय्य होते काय, असे टीकाकारांनी विचारले. प्रयोग करणाऱ्यांचे म्हणणे असे की, त्या जिल्ह्यात अशी तपासणी मुळात कोणालाच मिळत नव्हती. ज्यांना मिळत नव्हती त्यांचे आम्ही काही काढून घेतले नाही. दोन्ही पक्षांत जाणती माणसे आहेत आणि वाद एका वाक्यात मिटणारा नाही. मला एवढेच दिसते की, हा वाद जगाच्या पाठीवरच्या नियतकालिकांत झाला. तो आधी जिल्हा परिषदेच्या सभागृहात, गावाच्या चावडीवर व्हावयास हवा होता. ‘चौथा गट असावा की नसावा? असला तर त्यांची पाळी केव्हा येणार?’ हे विचारण्याचा पहिला अधिकार ज्यांच्या लेकीसुनांचा प्रश्न होता त्यांचा. तो अधिकार बजावण्याची जागा म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्था.

ही जागा कायद्याने आहे. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ चा. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामास लागल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे आली. १९९३ साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अकरावे परिशिष्ट जोडले. पंचायतींकडे सोपवावयाच्या २९ विषयांत रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे व दवाखाने यांसह आरोग्य व स्वच्छता हा विषय आहे. जिल्हा परिषदेची आरोग्य समिती आहे, जिल्हा आरोग्य अधिकारी आहे, गावात आरोग्य, पोषण व स्वच्छतेची समिती आहे. माणसे आहेत आणि अधिकारही आहे. नाही ती एवढीच व्यवस्था: बाहेरून येणाऱ्या संशोधकाने कोणत्या दारावर थाप मारावी आणि आतल्या माणसाने त्याला काय विचारावे, याची.

ही व्यवस्था नसली म्हणजे काय होते याची दोन उदाहरणे सांगतो. पहिले दुःखाचे आहे. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत मुलींना एच.पी.व्ही.ची लस टोचण्याचा एक अभ्यास झाला. ‘पाथ’ ही परदेशी संस्था, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि त्या त्या राज्याचे शासन असे भागीदार होते. एप्रिल २०१० मध्ये तो थांबवावा लागला. चौकशीत आणि पुढे २०१३ च्या संसदीय समितीच्या अहवालात दिसून आले ते असे की, पुष्कळ मुलींच्या आईबापांची संमती घेतलीच नव्हती. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी, मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. लस वाईट होती असे मी म्हणत नाही. ती आज जगभर दिली जाते. दोष वेगळाच होता. सरकारी शाळा, सरकारी परिचारिका, सरकारी शिक्का पाहून लोकांना वाटले की ही नेहमीचीच लसटोचणी आहे. हा अभ्यास आहे, आपण नाही म्हणू शकतो, हे त्यांना उमगलेच नाही. शासनाचा शिक्का हा विश्वासाचा शिक्का असतो. म्हणूनच तो दुसऱ्याला उसना देताना दहा वेळा विचार करावा.

दुसरे उदाहरण दुःखाचे नाही, केवळ अपुरेपणाचे आहे. २०२० च्या मे-जूनमध्ये करोनाची साथ कोठवर पसरली हे पाहण्यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभर रक्ताची पाहणी केली. महाराष्ट्रातले सहा जिल्हे निवडले. त्यांत बीड, परभणी आणि नांदेड हे मराठवाड्याचे होते. आपली हिंगोली त्यांत नव्हती. प्रत्येक जिल्ह्यातून दहा ठिकाणांची सुमारे ४०० माणसे तपासली. देशाचा अंदाज बांधण्यास ती पुरेशी होती. पण वसमतला किती, कळमनुरीला किती, हे त्यातून कोणी सांगू शकत नव्हते. तो त्या पाहणीचा उद्देशही नव्हता. प्रश्न दिल्लीचा होता, उत्तर दिल्लीला मिळाले. आपला प्रश्न आपण विचारल्यावाचून आपले उत्तर मिळत नाही.

त्याच जुलैत मुंबई महापालिकेने काय केले ते पाहा. प्रश्न तिचा स्वतःचा होता: झोपडपट्टीत साथ किती पसरली आणि इमारतींत किती? तिने नीति आयोग व टाटा मूलभूत संशोधन संस्था यांना बरोबर घेतले. संस्थेच्या शास्त्रज्ञांनी माणसे कशी निवडावी याचे गणित मांडले, पालिकेच्या आरोग्यसेविकांनी दारोदार जाऊन लोकांची समजूत घातली, आणि तपासणीला पालिकेच्या कस्तुरबा रुग्णालयाची प्रयोगशाळा कामी आली. एफ-उत्तर, एम-पश्चिम आणि आर-उत्तर या तीन विभागांतून ६,९३६ नमुने गोळा झाले. झोपडपट्टीत शेकडा ५७ आणि इतरत्र शेकडा १६ लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे दिसले. हे सारे जुलैच्या आरंभी सुरू होऊन २८ जुलैला लोकांपुढे मांडलेही गेले. लोक ज्या सार्वजनिक शौचालयांवर अवलंबून आहेत त्यांचा आणि दाटीचा या आकड्यांशी काय संबंध, याची चर्चा शहरात सुरू झाली. प्रश्न पालिकेचा, पद्धत शास्त्रज्ञांची, श्रम आरोग्यसेविकांचे, उत्तर लोकांचे: भागीदारीचा हिशेब असा चोख असावा.

कोणी म्हणेल, मुंबईची गोष्ट वेगळी, तिची तिजोरी मोठी. म्हणून गडचिरोलीकडे वळतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ ही संस्था काढली. नवजात बालके पहिल्या महिन्यात का दगावतात, हा प्रश्न त्यांनी घेतला. ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून तयार केले. बाळाचे वजन घेणे, त्याला ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे, हे त्या घरी जाऊन करीत. तिसऱ्या वर्षी शेजारच्या गावांशी तुलना करता नवजात बालकांचे मृत्यू शेकडा ६२ नी कमी झाल्याचे दिसले. हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. देशाने ही पद्धत आशा कार्यकर्त्यांच्या हाती दिली ती २०११ साली. आज आपल्या गावची आशाताई बाळंतिणीच्या घरी पुन्हा पुन्हा येते, ते त्या संशोधनाचे फळ आहे. मात्र मधली बारा वर्षे मोजा. उत्तर सापडल्यापासून ते आपल्या उंबऱ्यापर्यंत येण्यास बारा वर्षे लागली. संशोधन आणि शासन यांच्यामध्ये पूल बांधणारे कोणी नेमलेले असते, तर तीं थोडी तरी कमी झाली नसती काय?

आता आपल्या गावाकडे येऊ. कुरुंद्याचे स्वतःचे प्रश्न कोणते? मी बाहेरचा माणूस. यादी तुम्ही करायची. तरी दोन गोष्टी बाहेरच्यालाही दिसतात. जुलै २०२२ मध्ये पुराचे पाणी या गावात शिरले. पूर ओसरल्यावर चिखल निघतो, भिंती सारवल्या जातात, पंचनामेही होतात. पण पुढच्या सहा महिन्यांत आडांचे, हातपंपांचे पाणी कसे होते, कावीळ, ताप, खरूज कोणत्या आळीत जास्त झाली, हे कोणी ओळीने मांडले तर पुढच्या पुरात कोणत्या आळीत आधी धावावयाचे ते कळेल.

दुसरी गोष्ट हळदीची. वसमतची हळद प्रसिद्ध आहे आणि वसमतला हळद संशोधन केंद्रही शासनाने दिले आहे. आता बांगलादेशची हकिगत ऐका. तेथे गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसे सापडू लागले. ते येते कोठून, याचा शोध ढाक्याची एक संशोधन संस्था आणि अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठ यांनी घेतला आणि तो हळदीपाशी येऊन थांबला. १९८० नंतरच्या दशकात एका मोठ्या पुरात हळद भिजून काळवंडली. पिवळीधमक दिसावी म्हणून तिला लेड क्रोमेट हा शिश्याचा रंग चोळण्याची चाल पडली, आणि ती पुढे राहिली. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झाल्यावर तेथील अन्नसुरक्षा प्राधिकरणाने संशोधकांना बरोबर घेऊन बाजारोबाजारी सूचना लावल्या, व्यापाऱ्यांना समजावले, दंडही केले. २०१९ मध्ये बाजारातील शेकडा ४७ नमुन्यांत शिसे होते; २०२१ मध्ये एकाही नमुन्यात सापडले नाही. दोन वर्षांत! गडचिरोलीचे ज्ञान आपल्या दारी यावयास बारा वर्षे लागली, हे दोन वर्षांत झाले. कारण ज्याच्या हाती दंडाचा अधिकार तो पहिल्यापासून शोधात सामील होता.

मी हे सांगून आपल्या हळदीवर शिंतोडा उडवीत नाही. उलट सांगावयाचे ते हे की, भीती कोठे असते ते ओळखा. ‘कोणी तपासायला आले आणि भलते काही निघाले तर भाव पडेल’ ही शेतकऱ्याची भीती खोटी नाही. त्याचे वर्षाचे पोट त्या पोत्यांवर आहे. तिला उत्तर एकच: तपासणी आपल्या संस्थेने, आपल्या अटींवर, वेळेत करवून घ्यावी. दोष निघाला तर सुधारण्यास अवधी मिळेल, निर्दोष निघाली तर तो दाखला बाजारात मिरविता येईल. दुसऱ्याने तपासून वर्तमानपत्रात छापल्यावर यांतले काहीच हाती राहात नाही. आणि हळद उकडताना धूर कोणाच्या नाकात जातो, दळताना धूळ कोणाच्या छातीत बसते, हा प्रश्न तर अजून विचारलाच गेलेला नाही. त्या बायाबापड्यांचाही या भागीदारीत वाटा आहे.

तेव्हा जिल्हा परिषदेने करावे काय? मला पाच गोष्टी सुचतात. एकीलाही फार पैसा लागत नाही.

पहिली, प्रश्नांची वही. प्रत्येक आरोग्य केंद्राने, प्रत्येक ग्रामसभेने वर्षातून एकदा आपले प्रश्न तीत लिहावे. संशोधक आला की त्याच्या प्रश्नाआधी आपली वही त्याच्यापुढे ठेवावी. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांनाही प्रबंधासाठी विषय हवेच असतात.

दुसरी, एक दार. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या हाताखाली एक जबाबदार माणूस असावा. जिल्ह्यात कोणता अभ्यास, कोठे, कोणाच्या पैशाने चालला आहे, हे त्याच्याकडे एका पानावर मिळाले पाहिजे. २०२२ साली राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे तेथे प्रशासक होते. सदस्य जातात, अधिकारी बदलतात. ते पान मात्र राहिले पाहिजे.

तिसरी, लेखी करार. मूळ माहिती कोणाजवळ राहील, नावे कशी झाकली जातील, आशाताईच्या जादा कामाचा मोबदला कोण देईल, एखाद्यास रोग निघाला तर उपचार कोठे होतील, आणि तपासणीवाचून ठेवलेला गट असेल तर त्याची पाळी केव्हा, हे आधी लिहावे.

चौथी, संमती. ग्रामसभेची परवानगी ही गावात शिरण्याची परवानगी. अंगाला सुई लावण्याची नव्हे. ती ज्याची त्याने द्यावयाची. सरपंच, मुख्याध्यापक, नवरा, सासरा यांपैकी कोणाचीही सही बाईच्या सहीऐवजी चालू नये. ‘हा अभ्यास आहे, नाही म्हटल्यास तुमचे औषधपाणी बंद होणार नाही’ हे वाक्य मराठीत, आणि तांड्यावर तांड्याच्या बोलीत, मोठ्याने सांगावे.

पाचवी, उत्तराची परतफेड. निष्कर्ष इंग्रजीत छापून येण्यापूर्वी किंवा निदान त्याच महिन्यात गावाला मराठीत सांगावा. चांगला निघो वा वाईट. ज्याने रक्त दिले त्याला उत्तर देणे हे ऋण आहे, मेहेरबानी नव्हे.

एक आक्षेप येईल. ‘आधी आरोग्य केंद्रात डॉक्टर आणि औषधे तर द्या, मग संशोधन!’ हा आक्षेप उपटसुंभ नाही. मीही टाळ्या वाजवून त्याला मान देईन. पण विचार करा: डॉक्टर कोठे कमी पडतात, औषध कोणत्या महिन्यात संपते, हे मोजून मांडणे हेही संशोधनच आहे, आणि मोजलेली गोष्ट नाकारणे वरच्यांना अवघड जाते. रडगाणे आणि आकडा यांत एवढाच फरक आहे की, आकड्याला उत्तर द्यावे लागते.

आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो ही वेधशाळा उभी राहात आहे. अब्जावधी वर्षांपूर्वी आकाशात कोठे तरी दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली, त्याचा अणूहूनही सूक्ष्म कंप येथे टिपणार आहेत. ज्या भूमीत विश्वाचा एवढा बारीक हुंकार ऐकण्याची तयारी चालली आहे, त्याच भूमीत हळदीची धूळ छातीत गेलेल्या म्हातारीचा खोकला मोजावयास कोणी नसावे, हे शोभत नाही. तो मोजण्यासाठी चार किलोमीटर लांबीच्या नळ्या लागत नाहीत. एक वही, एक शिकलेली परिचारिका, महाविद्यालयातले दोन विद्यार्थी आणि त्यांना विचारणारी एक जागी ग्रामसभा एवढे पुरे आहे. पुढच्या ग्रामसभेत त्या वहीचे पहिले पान कुरुंद्याने लिहावे, एवढे सुचवितो.